सोयाबीनची पेरणी: आधी ओल, मग तारीख

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मृगाचा पहिला शिडकावा झाला की उमरेड-काटोलकडून एकच प्रश्न येतो: तिफन जुंपायची का? माझे उत्तर दरवर्षी तेच असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल उतरल्यावर आणि वापसा आल्यावरच, म्हणजे चिखल ओसरून जमीन कामाजोगी झाल्यावरच, सोयाबीन पेरावे. वरची दोन बोटे ओली आणि खाली कोरडी अशा जमिनीत बी फुगते, अंकुरते आणि पावसाने उघडीप दिली की तिथेच वाळते. दुबार पेरणीसाठी उसनवारी करावी लागलेले घर ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

परंतु ओल असूनही केलेला उशीर तितकाच महाग पडतो. सोयाबीन हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारे पीक आहे. २१ जूनला नागपूरचा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो. पुढे तो आखडत जातो आणि रात्र पुरेशी लांबली की झाड लहान असले तरी फुलावर येते. वाणागणिक यात फरक पडतो, तरी जूनअखेर पेरलेल्या झाडाला फुलोऱ्याआधी वाढीचे जेवढे दिवस मिळतात, तेवढे जुलैअखेरच्या झाडाला मिळत नाहीत.

कळमेश्वरकडच्या एका शेतात सप्टेंबरमध्ये मी दोन झाडे उपटून शेजारी-शेजारी धरली होती. एक आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनअखेर पेरलेले, दुसरे नाल्याकाठच्या ओलीमुळे मागे राहिलेल्या तुकड्यातले, पुष्य नक्षत्रात, म्हणजे जुलैअखेर पेरलेले. पहिले मांडीला लागत होते आणि बुडापासून शेंड्यापर्यंत शेंगांनी लगडले होते. दुसरे गुडघ्याखालीच थांबलेले, फांद्या दोनच. शेंगा पेरांवर, म्हणजे खोडाला पान फुटते त्या सांध्यांवर लागतात, त्यामुळे पेरेच कमी असली की शेंगाही कमी, आणि ही तूट नंतरच्या कोणत्याही फवारणीने भरून निघत नाही, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. शिवाय उशिराच्या पिकाचे दाणे पाऊस परतल्यावर भरतात, म्हणून हलक्या जमिनीत ते बारीक राहतात.

फार लवकर पेरलेला जेएस ९३-०५ सारखा ९०-९५ दिवसांचा वाण मात्र सप्टेंबरच्या पावसात कापणीला येतो आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटण्याची भीती असते.

म्हणून जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम, आणि १५ जुलै ही शेवटची हद्द समजावी. त्या हद्दीजवळ पेरावे लागलेच, तर कमी दिवसांचा वाण घ्या, दोन ओळींतले अंतर ४५ ऐवजी ३० सेंटिमीटर ठेवा आणि बियाणे थोडे वाढवा. घाई असली तरी बी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

वापसा आल्यावर बियाण्याच्या शोधात चार दिवस जाऊ नयेत, यासाठी घरच्या बियाण्यातले १०० दाणे आजच ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलसर राहू द्या आणि आठवडाभराने मोजा. ७० किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले असतील, तर ते बियाणे पेरणीयोग्य आहे.