इंजेक्शनाआधी आजोळची चौकशी

नमस्कार श्रोतेहो. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही नावं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. रक्तात पसरलेला संसर्ग, नवजात बाळाचा सेप्सिस, औषधांना दाद न देणारा क्षयरोग, अशा वेळी या गटातली प्रतिजैविक इंजेक्शनं जीव वाचवतात. फार दिवस किंवा जास्त मात्रेत दिली, तर ती कुणाच्याही कानाला इजा करू शकतात. काही जण मात्र नेहमीच्या मात्रेनंही कायमचे बहिरे होतात. त्याचं मूळ त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात असू शकतं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांमधून पुढे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजन ते घेतो. वाटेत मिळालेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. ते परततात एटीपी सिंथेज या प्रथिनातून, आणि येताना त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरवतात. त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये प्रोटॉनची ही कल्पना मांडली, तेव्हा ती फार थोड्यांना पटली होती. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं.

या कणिकांचा स्वतःचा डीएनए असतो. अक्षरांच्या १६,५६९ जोड्या, ३७ जनुकं. त्यातली १३ प्रथिनांसाठी, बाकीची २४ ती प्रथिनं तिथेच घडवणाऱ्या यंत्रणेसाठी. या यंत्रणेतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जोडणारे कण, जिवाणूंच्या रायबोसोमचे दूरचे नातलग आहेत, आणि ही इंजेक्शनं जिवाणूंच्या नेमक्या त्याच भागावर हल्ला करतात. आपले रायबोसोम आकारातल्या थोड्याशा फरकामुळे बऱ्याच अंशी बचावतात. पण या डीएनएच्या १५५५ व्या जागी ॲडेनिन या अक्षराऐवजी ग्वानिन आलं, की त्याची १४९४ व्या जागच्या सायटोसिनशी जोडी जुळते, रायबोसोममधली तिथली खोबण जिवाणूंच्या खोबणीसारखी होते आणि औषध तिथे घट्ट बसतं. प्रथिनं घडवण्याचं काम बिघडतं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशींत हे औषध दीर्घकाळ साचून राहतं. त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हा संबंध १९९३ मध्ये उघड झाला.

हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणून विचारपूस करायची ती आई, मामा, मावशी, मावसभावंडं, आईची आई आणि तिची भावंडं यांच्याबद्दल. मामाची मुलं यात येत नाहीत, कारण त्यांना हा डीएनए मामीकडून मिळतो. काका-आत्यांचाही इथे संबंध नाही. आईकडच्या त्या नातलगांपैकी कुणाला अशा इंजेक्शनांनंतर किंवा तरुणपणीच कमी ऐकू येऊ लागलं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. पर्यायी प्रतिजैविक चालत असेल, तर ते निवडता येतं. पण डॉक्टर हेच औषध हवं म्हणत असतील, तर अडवू नका. गंभीर संसर्गात आधी जीव वाचवावा लागतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या अनेक आजारांत एकाच पेशीत बरा आणि बिघडलेला डीएनए मिसळलेला असतो, त्यामुळे कुणाला किती त्रास होईल हे सांगणं कठीण जातं. १५५५ चा बदल बहुतेकदा सगळ्याच प्रतींत असतो, त्यामुळे चाचणीचं उत्तर सरळ मिळतं. मँचेस्टरमध्ये नवजात बाळांच्या गालाच्या आतून बोळा फिरवून हे उत्तर सुमारे २६ मिनिटांत काढून दाखवलंय, म्हणजे पहिलं इंजेक्शन द्यायच्या आत. ज्यांची श्रवणशक्ती आधीच गेली आहे, त्यांनी कॉक्लिअर इम्प्लांट या कानात बसवायच्या यंत्राबद्दल जरूर विचारावं. यात प्रामुख्यानं केशपेशी गेलेल्या असतात, श्रवणाची नस सहसा शाबूत असते, आणि इम्प्लांट थेट त्या नसेलाच संदेश देतं.