रोझाबाईंची साथ

(फ्लोरिडातल्या आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नाट्यगीतांच्या कार्यक्रमाआधी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं पाल्हाळ कमी केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यवाहांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि मागे बटाटेवड्यांची कढई चढलेली आहे. त्यामुळे वेळेचं भान माझ्यापेक्षा तुमच्या नाकांना जास्त राहील.

मला सांगितलं होतं, "गाण्यांच्या आधी पेटीबद्दल चार शब्द बोला." मी ऑर्गनबद्दल बोलणार आहे. आपल्या संगीत नाटकात पायाने भाता मारत वाजवायचा तो ऑर्गन नव्हे. त्याचा एक दांडगा, श्रीमंत अमेरिकन चुलतभाऊ आहे, आणि तो इथून गाडीने अर्ध्या तासावर राहतो. डाउनटाउनमध्ये फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या टॅम्पा थिएटरमध्ये. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नाताळात मुलांना तिथे जुना सिनेमा दाखवायला नेलं असेल. छताला चांदण्या लुकलुकतात, भिंतींवर स्पेनमधल्या वाड्यांसारखे सज्जे आहेत आणि सिनेमाच्या आधी एक माणूस घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वाद्यापाशी बसून वाजवतो. आपण तेवढ्यात पॉपकॉर्न घेऊन येतो.

मीही पॉपकॉर्नच आणायला गेलो होतो. परत आलो तर त्या वाद्यापाशी एक म्हातारी बाई बसलेली. चकचकीत झगा, केस नीट बसवलेले. सिनेमा बस्टर कीटनचा, म्हणजे मुका. दिवे गेले आणि पुढचा तासभर बाईंनी पट्ट्यांकडे पाहिलंच नाही. मान वर, नजर पडद्यावर, हात खाली आपापल्या कामाला लागलेले. कीटन धडपडला की त्याच क्षणी खालून ठेका धडपडायचा. थोड्या वेळाने बायकोने मला कोपरखळी मारून विचारलं, "त्या अजून वाजवतायत, की आता रेकॉर्ड लावलीय?" मी इतकी वर्षं पेटीची साथ करतोय, माझ्याबद्दल असा प्रश्न कधी कुणाला पडलेला नाही. मी वाजवतोय हे सगळ्यांना फार स्पष्ट कळतं. नऊ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये एका भैरवीत मी गाणाऱ्या वहिनींच्या पुढे निघून गेलो होतो. त्या आज समोर बसल्या आहेत. माफ केलंय म्हणतात.

त्या बाई म्हणजे रोझा रिओ. आमच्या घरी तेव्हापासून त्या 'रोझाबाई'. त्या दिवशी त्यांचं वय काय असेल, असं मी दारावरच्या मुलाला विचारलं, तर त्याने खांदे उडवले. कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणायच्या, वय हा नुसता आकडा असतो आणि माझा आकडा फोनच्या यादीत छापलेला नाही. शंभरी उलटून काही वर्षं झाल्यावर त्यांनी खरं सांगितलं. जन्म २ जून १९०२, न्यू ऑर्लिन्स. मूळ नाव एलिझाबेथ राउब. थिएटरच्या पाटीवर मावेल असं आखूड नाव हवं म्हणून त्यांनी रोझा रिओ घेतलं. आपल्या नारायण श्रीपाद राजहंसांचं बालगंधर्व झालं ते टिळकांच्या शाब्बासकीतून, असं सांगतात. इथे कारण पाटीच्या रुंदीचं.

आता वाद्याबद्दल थोडं, कारण इंजिनियर माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चर्चमधला पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजवायचा ऑर्गन, शतकानुशतकं होताच. त्याला सिनेमागृहात आणण्याजोगा केला तो रॉबर्ट होप-जोन्स नावाच्या इंग्रजाने. हा मुळात टेलिफोन कंपनीतला विजेचा माणूस. त्याने काय केलं, तर वाजवायच्या पट्ट्या आणि नळ्या यांच्यातला सांगाडा तोडून मध्ये तार घातली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये कुठलीही लाइन कुठेही जोडता येते ना, तसं. त्यामुळे नळ्यांची एकच रांग वरच्या सप्तकात, खालच्या सप्तकात, हाताच्या पट्ट्यांवर, पायाच्या पट्ट्यांवर, कुठूनही वाजवता येऊ लागली. थोड्या नळ्यांत आख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज. वाऱ्याचा दाब चर्चच्या दोन-तीन पट. वर ढोल, झांजा, झायलोफोन, घोड्याच्या टापा, पक्ष्याची शीळ, मोटारीचा भोंगा, दारावरची घंटा, आणि सगळं खरंखुरं. भिंतीआडच्या खोलीत खरा ढोल बसवलेला असतो आणि हवेच्या जोरावर त्यावर खरी टिपरी पडते.

होप-जोन्स १९१० साली न्यूयॉर्क राज्यातल्या वुर्लिट्झर कंपनीत गेला. कंपनीने असे दोन हजारांवर ऑर्गन विकले, पण त्याचं आणि कंपनीचं पटलं नाही. १९१४ साली त्याने आत्महत्या केली. ज्या वाद्याने लोकांना इतकं हसवलं त्याच्या कर्त्याचा शेवट हा असा.

टॅम्पाचं वाद्य १९२६ सालचं, थिएटरइतकंच जुनं. नळ्या चौदाशेच्या आसपास. बोलपट आल्यावर ते अडगळ झालं, उचलून एका चर्चमध्ये गेलं आणि १९८०च्या दशकात हौशी मंडळींनी परत आणून बसवलं. रोझाबाईंची कहाणीही साधारण त्याच रस्त्याने जाते, फक्त त्या अडगळीत कधी गेल्या नाहीत.

ओहायोत ओबर्लिनला संगीत शिकत असताना त्यांनी एका सिनेमागृहात असा ऑर्गन ऐकला आणि ठरलं. मग रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये गेल्या. कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने काढलेल्या त्या शाळेत चित्रपटाला साथ कशी करायची याचं रीतसर शिक्षण मिळे. आपल्याकडे त्याच वर्षांत मूकपटाला पेटी-तबला वाजत असे, पण ते शिकवणारं विद्यालय काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. पडद्याशेजारी बसवलेल्या पेटीवाल्याला कुस्ती आली की काय वाजवायचं आणि रामाचा वनवास आला की काय, हे त्याचं त्यानेच ठरवायचं.

विशीतच बाई मोठमोठ्या थिएटरांत वाजवू लागल्या. चित्रपटासोबत कुठे कसलं संगीत हवं याचा कागद यायचा, पण नेमका तोच हरवलेला असायचा किंवा रीळ कुठेतरी कापलेलं असायचं. मग पडदा बघत मनाने वाजवायचं. १९२७ साली त्या आपल्या गावी न्यू ऑर्लिन्सच्या सेंगर थिएटरात होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात अल जोल्सन हा गायक-नट पडद्यावरून गायला लागला, म्हणजे बोलपट आले, आणि बघता बघता देशभरचे हजारो ऑर्गनवाले घरी बसले.

ही गोष्ट ऐकताना मला नेहमी आपलं १९३२ साल आठवतं. गंधर्व नाटक मंडळीचा तो काळ आठवा. तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे. ती मैफल ज्या पैशावर उभी होती, तो पैसा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आल्यावर सिनेमाकडे वळला. मंडळी मोडली आणि खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. तिथे ते रमले नाहीत. पण गंमत अशी की त्याच 'अयोध्येचा राजा'चं संगीत कुणाचं? गोविंदराव टेंब्यांचं. पेटीवाल्याचं! आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. ज्या पुराने नाटक मंडळ्या वाहून नेल्या, त्यात एक पेटीवाला पोहत पलीकडे गेला.

रोझाबाई याच जातीच्या. बोलपट आले तर त्या ब्रुकलिनच्या मोठ्या थिएटरांत दोन खेळांच्या मध्ये प्रेक्षकांकडून गाणी म्हणवून घेऊ लागल्या. ते काम आटू लागलं तेव्हा १९३०च्या दशकाअखेरीस त्या रेडिओवर गेल्या, न्यूयॉर्कला एनबीसीत. दुपारच्या घरगुती मालिका तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांच्या असत. साबणाच्या कंपन्या पैसे द्यायच्या, म्हणून त्यांचं नाव सोप ऑपेरा पडलं. पूर्ण वाद्यवृंद परवडायचा नाही, मग ऑर्गन. नायिका म्हणाली, "तो परत आलाय," की ऑर्गनने धस्स करायचं. मग दृश्य बदललं हे दोन सुरांत सांगायचं. सगळं थेट प्रक्षेपण. चूक झाली तर ती देशभर ऐकू जाणार. बाई कधी कधी दिवसाला पाच-सात कार्यक्रम करायच्या. एक संपून दुसरा सुरू व्हायला मिनिटभर, तेवढ्यात एका स्टुडिओतून दुसऱ्यात धावायचं. 'द शॅडो' नावाची गाजलेली रहस्यमालिका होती, तिच्यातही त्यांची साथ असे.

आणि बरोबर त्याच सुमारास, १९४० साली, आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली! परदेशी वाद्य, श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही, हे आक्षेप. १९७०च्या दशकात बंदी सैल झाली. म्हणजे इथल्या रेडिओवर ऑर्गनवाचून पान हलत नव्हतं आणि तिथल्या रेडिओवर त्याच्या धाकट्या बहिणीला, पेटीला, तीस वर्षं उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. आक्षेप अगदीच खोटे होते असं मी पेटीवाला असूनही म्हणणार नाही. श्रुतींचा मुद्दा खरा आहे. पण हे कळायला पेटीवाल्याला बंदी कशाला लागते? गाणारा रोज त्याला डोळ्यांनी सांगतच असतो.

पुढे टीव्ही आला. त्या मालिकांनाही सुरुवातीला ऑर्गनच होता, मग तो गेला. बाई कनेक्टिकटला जाऊन शिकवू लागल्या. तोवर त्या साठीच्या घरात आल्या होत्या. कुणीही म्हटलं असतं, चला, निवृत्ती. पण १९८०च्या दशकात घरोघरी व्हीसीआर आले, एका कंपनीने जुने मूकपट कॅसेटवर काढायचे ठरवले, आणि मूकपटाला साथ कशी करायची हे स्वतः केलेलं आठवणारी माणसं किती उरली होती? बाईंनी तीनशेहून अधिक मूकपटांना संगीत दिलं. विशीत जे मनाने वाजवून हवेत सोडून दिलं होतं, ते ऐंशीत टेपवर उतरलं.

१९९३ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्या आपल्या या फ्लोरिडात राहायला आल्या. इथे लोक गोल्फ खेळायला येतात. बाईंनी टॅम्पा थिएटर शोधून काढलं. तिथे त्या २००९ सालापर्यंत वाजवत होत्या. म्हणजे एकशेसाताव्या वर्षी. १३ मे २०१० रोजी त्या गेल्या, एकशेआठवा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना.

त्या दिवशी सिनेमा संपल्यावर मी धीर करून पुढे गेलो. बरेच जण सह्या घ्यायला उभे होते. माझी पाळी आली तेव्हा काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, मीही साथ करतो, आमच्याकडच्या एका छोट्या ऑर्गनवर, एका हाताने भाता मारत. बाईंनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग खर्ज कशाने धरता?" मी म्हटलं, तंबोरा असतो. तंबोरा म्हणजे काय हे मी हातवारे करून सांगत होतो, तोवर मागचे लोक कुरकुरायला लागले.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. वहिनी, काळी चार ना? या वेळी मी तुमच्या मागेच राहतो. सतीश, तंबोऱ्याचं मशीन लाव बघू. तिसरी घंटा झाली.