जत्रेला जाताना फसलेलं काम सोबत घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्या सातारा-सांगली भागात हस्तकलेची प्रदर्शनं, बचत गटांचे मेळे आणि गावोगावच्या यात्रा सुरू होतात. गोधडी शिवणारी, लोकरीचं विणणारी, लाकूड कोरणारी, जुनी वाद्यं नीट करणारी कितीतरी माणसं आपापल्या घरात एकेकटी काम करत असतात. शेजारीपाजारी कुणाला त्यात गोडी नसते. अशी माणसं मोठ्या हौसेनं प्रदर्शनाला जातात, तासाभरात मैदान पालथं घालतात, दोन वस्तू पिशवीत टाकतात आणि घरी येतात. ज्याच्याशी पोटभर बोलता आलं असतं असं माणूस तिथंच चार हातांवर बसलेलं असतं, ते राहूनच जातं. हे कसं टाळायचं, ते आज बघू.

सगळ्यात आधी, निघताना पिशवीत आपलं एखादं फसलेलं काम टाका. चांगलं नव्हे, फसलेलंच. चांगलं काम दाखवलं की समोरचा ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय तिथं संपतो. चुण्या पडलेला गोधडीचा कोपरा पुढे केला की जाणकार बाई तो हातात घेते, उलटा करून बघते, टाका नखानं उचलते आणि विचारते, “आत काय घातलंय?” या एका प्रश्नावर अर्धा तास बोलणं चालतं. सबंध वाकळ वाहून न्यायची गरज नाही. हातरुमालाएवढा तुकडा, सुई, दोन रंगांचा दोरा, छोटी कात्री, मोजपट्टी आणि वही एवढं पुरे.

वेळ नीट साधा. सकाळी दहा-अकराला मांडामांड चाललेली असते आणि संध्याकाळी पाचनंतर गर्दी उसळते. दुपारी एक ते चार मात्र गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा कारागीर माणूस मोकळं असतं. म्हणून साडेअकरापर्यंत पोचा. पहिली फेरी काहीही न घेता मारा. अर्धवट झालेलं काम कुठं दिसतं ते बघा. सुई टोचून ठेवलेलं कापड, अर्धी विणलेली टोपली, पाटावरची रंधा मारलेली फळी. जिथं असं काही आहे तिथं बनवणारं माणूस बसलेलं आहे. बाकी गाळ्यांवर पुष्कळदा गटाची विक्री सांभाळणारी मुलगी असते. तिला नुसतं विचारायचं, “हे कोण शिवतं, त्या कधी येतात?” आणि त्या वेळेला परत जायचं.

विचारायचं काय, हेही ठरवून जावं. ‘केवढ्याला?’ आणि ‘किती दिवस लागले?’ हे प्रश्न त्यांनी सकाळपासून पन्नास वेळा ऐकलेले असतात. त्याऐवजी कामातलं विचारा. इथं दोरा का बदललात? कोपऱ्याला टाका बारीक का केलाय? असं विचारणारा माणूस स्वतः हे करणारा आहे, हे लगेच ओळखू येतं.

गोधडीचंच घेऊ. आपल्याकडे घरोघरी वाकळ असते. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब. त्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे निघतात. दोन-दोन तुकडे लांबीला जोडले की मोठ्या वाकळेची वरची आणि खालची बाजू एकाच लुगड्यातून होते. आत मऊ झालेल्या सुती कापडाचे दोन-तीन थर. थर एकावर एक पसरले की आधी मध्यापासून बाहेरच्या बाजूला, वीतवीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवायचं, मग काठाकडून आत धावदोरा घालत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा एका वेळी हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन विरतो.

घाई होते ती कच्च्या टाक्यात. ते न घालता काठापासून शिवत गेलं की सैल कापड ढकललं जात मध्याकडे जमतं आणि शेवटी मधोमध फुगवटा येतो. तिथं जबरदस्तीनं दाबून शिवलं की चुण्या. पण चुण्या दोरा ताणल्यानंही पडतात. कारण कुठलं, हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. चुणीजवळ दोरा एका ठिकाणी कापा आणि कापड तळहातानं सपाट करा. चुणी सैल पडली तर हात जड आहे, दोरा ओढला जातोय. तशीच राहिली तर थर सरकलेत, तेवढा भाग उसवून पुन्हा टाचावा लागेल. आणि शिवताना सगळं ठीक होतं, पहिल्या धुण्यानंतर सुरकुतलं, असं असेल तर आत नवं सुती आणि पॉलिस्टर एकत्र आलंय. सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही. नवं कापड दोनदा धुऊन, वाळवून मगच घ्यायचं. लाल रंग असेल तर तो सुटतो का, हे कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचं. गाळ्यावर चुणीची परीक्षा करताना आजूबाजूला दोन-तीन बाया हमखास थांबतात. त्यातली एखादी म्हणते, “माझीपण अशीच झालीय.” तीच आपली माणसं!

घोंगड्याच्या गाळ्यावर वेगळी नजर लागते. माणदेशात, जत-आटपाडीकडे धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात आणि लोकरीचं घोंगडं विणण्याचं काम परंपरेनं सनगर समाजाची मंडळी करत आली. तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवं घोंगडं ताठ आणि टोचरं लागतं, तो काही दोष नव्हे. वापरात खळ झडते आणि ते मऊ पडतं. लोकर खरी की मिसळ, हे बघायचं असेल तर विणकराला विचारून काठाचा एक सुटा धागा घ्या आणि गर्दीपासून, मांडवापासून लांब जाऊन पेटवा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. गरम पाणी आणि चोळणी मिळाली की लोकर गच्च होऊन आटते, म्हणून धुवायचं तर थंड पाण्यात, न पिळता. बाकी कसर लागू नये म्हणून ऊन देणं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

मिरजेच्या वाद्यांचा गाळा असेल तर तिथं सवड काढूनच बसा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुरा म्हणजे वाळवलेला कडू भोपळा, लाकडी दांडी, भोपळ्यावरचं लाकडी झाकण म्हणजे तबली, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, खुंट्या आणि चार तारा: पंचम, जोडीच्या दोन षड्जाच्या आणि खर्ज. गाणं न येणाऱ्यालाही इथं हाताचं काम कळू शकतं, ते जवारीमुळे. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला तारेच्या दिशेनं अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा तुकडा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की कोरडा आवाज एकदम उघडतो, थोडा जास्त सरकला की पुन्हा मिटतो. कारागिराला विनंती करा, त्यांनी दोरा सरकवताना कान भोपळ्याजवळ न्या. बरीच वर्षं वाजवलेल्या घोडीवर तारेची खाच पडते, मग दोरा कुठंही नेला तरी आवाज खुलत नाही. ती घोडी घासून जवारी नव्यानं काढावी लागते. किती घासायचं हे कान सांगतो, एक हात जास्त बसला की आधीचा उतार परत येत नाही. म्हणून हे घरी कानस घेऊन करून बघू नका. सुतारकाम करणारे, वाद्य शिकणारे, नुसते ऐकायला आलेले असे तिन्ही प्रकारचे लोक या गाळ्यापुढे एकत्र उभे राहतात. मैदानात अशी जागा दुसरी सापडणं कठीण.

काही रीत मात्र पाळायलाच हवी. त्या माणसाचा तो पोटाचा दिवस आहे. गिऱ्हाईक आलं की बोलणं अर्ध्यावर सोडून बाजूला व्हायचं. नमुन्याचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. ज्याच्याकडून अर्धा तास शिकलो, त्याच्याशी पाच-दहा रुपयांची घासाघीस करू नये, उलट छोटीशी का होईना, एखादी वस्तू घ्यावी. आणि ताई, मावशी, काका म्हणून बोलावं, मोकळेपणा येतो.

ओळख झाली की नंबर घेतला जातो आणि तिथंच थांबतो. आठ दिवसांनी नावापुढे चेहरा आठवत नाही. वहीत नंबरापुढे काम लिहा: ‘विट्याच्या ताई, कोपऱ्याचा टाका, जुनं धोतर आत घालतात’ असं. निघण्याआधी पुढची भेट पक्की करा, तारीख आणि जागा दोन्ही. देवळाचा मंडप चालेल, कुणाची ओसरी चालेल. चार-पाच जणी, दोन तास, प्रत्येकीनं अर्धवट काम आणायचं. दोरा एकत्र घेऊन वाटून घेतला तर स्वस्त पडतो आणि सगळ्यांच्या कामाला एकाच लॉटचा रंग मिळतो. मोबाईलवर गट करायचा तर त्यात फक्त कामाचे फोटो आणि अडचणी टाकायच्या, हे पहिल्याच दिवशी ठरवा. सकाळच्या शुभेच्छांनी भरलेला गट महिन्याभरात कुणी उघडत नाही.

संध्याकाळी परत निघताना त्या दुपारच्या गाळ्यावर एकदा जाऊन या. पुढे कुठं बसणार, तेवढं विचारून घ्या. कुणी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत असेल, कुणी म्हसवडला, कुणी खरसुंडीला. गावासमोर महिना लिहून ठेवा आणि तो उसवलेला कोपरा पुन्हा शिवून, धुऊन, तिथं दाखवायला न्या.

नमस्कार.