आवाज फाडायचा कसा

मागचे लोक जरा पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि माझी वायर तिथपर्यंत पुरत नाही. मला पाऊण तास दिला आहे आणि विषय दिला आहे ‘डिजिटल पेडलवर हाय-गेन टोन कसा लावायचा’, म्हणजे पायाखालच्या डबीतून गिटारचा आवाज मुद्दाम जोरात फाडायचा कसा. तेच सांगणार आहे, फक्त त्याच्या आधी एक किस्सा, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं नुसती बटणांची नावं होऊन जाईल.

इथं बसलेले अर्धे लोक नाटकात वाजवतात, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, त्यामुळे झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या नाटकांचा, सीझन काय असतो ते तुम्हाला मी काय सांगू. धानकापणी झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागल्या की वडश्याहून गाड्या भरून निघतात आणि होळीपर्यंत झोप नाही. तर सिंदेवाहीकडच्या एका गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. दुसऱ्या अंकात खलनायकाची एंट्री. दिग्दर्शक मला म्हणाले होते, "भाऊ, तो आला का गिटारचा असा आवाज पायजे का समोरचे पोट्टे मायच्या मांडीत घुसले पायजे." मी म्हटलं, हाव, करतो.

पेडल नवीनच घेतलं होतं, डिजिटल, आत मोठमोठ्या ट्यूब ॲम्पची, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पची, मॉडेलं, त्यांच्या आवाजाच्या नकला. महिनाभर घरी हेडफोन लावून एकच सेटिंग घासलं. हेडफोनमधे तो आवाज म्हणजे राइस मिलचा पट्टा फिरून राहिला असा, छातीत लागायचा. आणि निघायच्या आधी एका दुकानात मला सांगण्यात आलं की बाहेर वाजवताना कॅब सिम्युलेशन, म्हणजे पेडलमधली गिटार-स्पीकरची नक्कल, बंद ठेवायचं असतं, ते फक्त हेडफोनसाठी. मी बंद केलं. हा सल्ला अर्धाच होता आणि अर्ध्या सल्ल्यानं पूर्ण नुकसान होते, ते पुढे येते.

पडदा उघडला, लाल लाइट, तो मिशीवर ताव देत आला, मी खालच्या तारेवर तळहात दाबून जोरात मारलं आणि साउंडच्या बॉक्समधून काय निघालं? गांधीलमाश्या. पोळं फुटल्यावर निघतात तशा. समोरची पोरं मांडीत घुसायचं सोडून हसायला लागली, आणि मागून साउंडवाले काका ओरडले, "काहो भाऊ, वायर शॉर्ट झाली का?" आणि माझा चॅनल खाली. त्या माणसानं बिचाऱ्यानं पूर्ण एंट्री माझ्याशिवाय केली. मला फार लागलं ते. त्याचं पाऊल आणि माझा आवाज एकत्र पडायला पाहिजे होते न.

अंक संपल्यावर काका स्वतः आले. लग्नात भोंगे बांधण्यापासून सुरुवात केलेला माणूस, गिटार त्यांनी कधी धरली नाही. म्हणाले, "वाजव बरं हळू." बॉक्सच्या बाजूला कान लावून ऐकलं, मशीनवरची ट्रेबल पूर्ण उतरवली, बेस अर्धा केला. परत ऐकलं. मग गळ्यातला दुपट्टा काढला, चार घड्या घातल्या आणि बॉक्सच्या वरच्या हॉर्नवर टाकला. "आता मार." मी मारलं आणि गिटार आली! तीच, हेडफोनमधली. मी विचारलं, काका, तुम्हाला हे कसं माहीत, तर म्हणाले, "तुज्या आवाजात वरचा कचरा लय हाये. भजनात खंजिरी फाटली का असाच मारतो मी."

आता त्या दुपट्ट्याकडे नीट पाहू. आपण म्हणतो ‘आवाज फाटला’. डिस्टॉर्शनला आपल्याकडे याच्याहून चांगला शब्द नाही आणि गरजही नाही. तारेची लाट गोल असते, तिला सर्किटमधून जाईल त्याच्याहून जास्त मोठी केली की वरचं डोकं आणि खालचं बूड सपाट कापलं जाते. कापलं की नवीन स्वर जन्मतात, मूळ स्वराच्या पटीत. गिटारची ए तार ११० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ११० कंप, ती फाटली की २२०, ३३०, ४४० असं चढत १०,००० च्याही वर जाते. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात, तेव्हाही हेच हवं असतं, वरचे स्वर जागे करणं. मार्ग वेगळा, भूक तीच. त्यामुळे फाटलेला आवाज बाहेरून आलेला आहे असं मला कोणी सांगू नये.

पण वरचे सगळे स्वर कानाला सहन होत नाहीत. गिटार ॲम्पमधे १२ इंची कागदी कोनचा स्पीकर असतो, आणि तो साधारण ५,००० हर्ट्झच्या वर हातच टेकतो, पुढचं त्याला वाजवताच येत नाही. त्याची ही कमजोरीच आपला टोन आहे. १९६४ साली इंग्लंडमधे द किंक्स या बँडच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकरचा कोन चिरून आवाज फाडला होता, म्हणजे तेव्हापासून लोकांना माहीत आहे की टोन त्या कागदातही राहतो. आपल्या नाटकाच्या बॉक्समधे मात्र वर हॉर्न असतो, तो १५,००० पर्यंत सगळं इमानदारीनं ओकतो. म्हणून कॅब सिम्युलेशन, म्हणजे त्या कागदी स्पीकरचा आणि समोरच्या माइकचा गणितानं घेतलेला ठसा. समोर गिटारचा ॲम्प असेल तर बंद, कारण त्याचा स्पीकर आहेच. समोर मिक्सर आणि बॉक्स असेल तर चालू. दुकानातला सल्ला फक्त पहिल्या अर्ध्याचा होता.

आणि कोणी म्हणतात न, डिजिटल म्हणजे नकली, ट्यूबच पाहिजे, त्यांच्यावर मी खरंच चिडतो. शंभर वॅटचा ट्यूब ॲम्प आणि चार स्पीकरचं कपाट, ते एसटीत कोण चढवून देईल? तो ट्यूब ॲम्प फुल उघडल्याशिवाय त्याचा पॉवर सेक्शन, म्हणजे स्पीकरला जोर देणारा शेवटचा भाग, फाटत नाही, आणि फुल उघडला तर गाव उठेल. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे व्होल्टेज काय नाचते ते तुम्ही रोज पाहता. धानाच्या बांध्यांमधे राहणाऱ्या पोराला हा आवाज पाहिजे असेल तर अर्धा किलोची डिजिटल डबी हाच त्याचा खरा ॲम्प आहे. त्याच्या हातातल्या वस्तूला नकली म्हणू नका.

ऑर्गनवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते ती. फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र गेले की त्यांची बेरीज-वजाबाकीही वाजते. खालचा ई ८२ हर्ट्झ, त्याचा पंचम १२३. वजाबाकी ४१, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा सा, जो कोणी वाजवलाच नाही! म्हणून नुसता सा-प इतका जड लागतो. त्यात गंधार टाकला की बेरजा-वजाबाक्या सुरात बसत नाहीत, चिखल होतो. करून पाहा, पण ऑर्गनवर नाही, गिटारवर.

किती राहिले? दहा मिनिटं? बरं, नागभीडची गाडी आहे लोकांची, मग आता भराभर.

माझं म्हणणं एवढंच होतं की हाय-गेन म्हणजे गेनचं, आवाज वाढवून फाडायचं, बटण नाही. फाडण्याच्या आधी काय कापलं आणि फाडल्यावर काय कापलं, त्यात टोन आहे. नंतरचं काकांनी दाखवलं. आधीचं म्हणजे बेस. खालचा बेस तसाच फाडला तर आवाज भसाड होतो, तळहाताचे ठोके सुटे ऐकू येत नाहीत. म्हणून मॉडेलच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाच्या पेडलसारखा ब्लॉक लावा, ड्राइव्ह, म्हणजे त्याचं फाडायचं बटण, शून्य, लेव्हल भरपूर, तो खालचं कापून मधलं पुढे ढकलतो. मग गेन घरी वाटते त्याच्या दोन घरं खाली. मिड, म्हणजे मधल्या स्वरांचं बटण, शून्यावर नेऊ नका, तबला आणि ऑक्टोपॅडमधे गिटार मिडवरच जिवंत राहते.

नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं दार, गिटारच्या लगेच नंतर, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ते दार कोणत्या आवाजाखाली बंद व्हावं ती पातळी, स्वर मरणार नाही इतकाच. ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, जास्त असेल तर हंबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारेचा आवाज पकडणारा गिटारवरचा भाग), त्यात दोन कॉइल उलट्या असतात, हम एकमेकांत मरतो.

एक डिजिटलचा स्वतःचा दोष आहे, तो लपवायचा नाही. मोबाइलवर शंकरपटाचा व्हिडिओ पाहिला असेल, चाकाचे आरे उलटे फिरताना दिसतात. कॅमेरा सेकंदाला ठरावीकच फोटो घेतो म्हणून. पेडलही सेकंदाला ४८,००० वेळाच आवाज मोजते, त्यामुळे २४,००० च्या वरचा स्वर त्याला समजत नाही, तो उलटा होऊन खाली येतो. ३५,००० चा स्वर जन्मला तर तो १३,००० वर बसतो, कोणत्याच सुरात नाही. वरच्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पट्टीवर, तार ताणा, स्वर चढताना मागून काहीतरी खाली उतरताना ऐकू आलं तर समजा हाच आजार. चांगली पेडलं फाडताना आठपट वेगानं मोजतात आणि मग गाळून खाली आणतात. घेताना हे ऐकून घ्या, मॉडेलं किती आहेत ते मोजू नका.

अडॅप्टर! राहिलंच होतं. ॲनालॉग पेडल १५-२० मिलिअँपिअरवर चालते, डिजिटलला १०० च्या वर लागतात, कधी त्याच्याहून बरेच जास्त. ९ व्होल्टची बॅटरी टाकून नाटकाला जाऊ नका. पेडलवर लिहिलं आहे तेवढाच अडॅप्टर, पिनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, पाहून.

प्रश्न गाडीत विचारा, मीही तिकडेच येतो. लाइट आहे तोवर वाजवून दाखवतो, आधी कॅब सिम्युलेशन बंद करून, मग काकांच्या पद्धतीनं, मग चालू करून. कोणाकडे दुपट्टा आहे का? द्या इकडे.