सन्मानाची बंदूक: मान नेमका कुणाला मिळतो?

नमस्कार मंडळी.

हा फोटो बघा. सोनेरी झळाळीची रायफल, लाकडी कुंद्यावर सैनिकांची चित्रं. अमेरिकेतली हेन्री नावाची कंपनी ही 'मिलिटरी सर्व्हिस ट्रिब्यूट' म्हणून विकते, म्हणजे सैन्यात सेवा केलेल्यांच्या सन्मानार्थ. आता जरा नीट बघा. ही पॉइंट टू-टूची, म्हणजे अगदी बारीक गोळीची रायफल आहे, लिव्हर ओढून गोळी पुढे सरकवायची. तिकडे खारी-सशांच्या शिकारीला आणि पोरांना नेम शिकवायला वापरतात, तशी. व्हिएतनामच्या चिखलात अशी रायफल घेऊन कुठला सैनिक लढला नाही.

माझा आक्षेप इथून सुरू होतो.

शस्त्राचा मान आपल्याला नवा नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे 47 लाख रुपयांना परत मिळवली, तेव्हा माझाही ऊर भरून आला. खरं तर ते पातं युरोपातलं. पण त्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आहे, आणि आपल्याला हवं होतं ते नाव.

सन्मानाच्या बंदुकीवर बहुतेक वेळा असं कुणाचंच नाव नसतं.

सगळ्याच बंदुकांना एका मापानं मोजणार नाही. कोल्ट कंपनीनं 1967 ते 1969 दरम्यान पहिल्या महायुद्धाच्या आठवणीसाठी चार पिस्तुलं काढली. शातो-थिएरी, बेलो वुड, मार्न, म्यूज-आर्गॉन अशी लढायांची नावं त्यांना दिली. आणि पिस्तूल कुठलं? तर '1911' नावाचं मॉडेल. त्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या कमरेला होतं तेच, आणि पुढे 1985 पर्यंत त्यांच्या सैन्याचं नेहमीचं पिस्तूल राहिलेलं. आजोबांनी हेच पिस्तूल बाळगलं होतं म्हणून नातवानं ते जपलं, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण अशा बंदुकांचा बाजार कसा चालतो बघा. एक गोळी झाडली की किंमत उतरते. मुलाम्यावर ओरखडा आला की उतरते. म्हणून ती खोक्यातच राहते. सगळ्यांनीच खोक्यात ठेवल्यामुळे कोऱ्या बंदुका बाजारात ढिगानं असतात, आणि 'पुढे सोन्याचा भाव येईल' म्हणून घेतलेल्यांची अनेकदा निराशा होते. म्हाताऱ्या सैनिकाचा यात काय संबंध राहिला?

अमेरिकेतच शस्त्रानं मान देण्याची एक रीत मात्र मला मनापासून पटते. माजी सैनिकाच्या दफनविधीला बंदुकीच्या तीन फैरी झाडतात, बिनगोळीच्या काडतुसांनी. गावोगावी हे काम माजी सैनिकांच्या संघटनांमधले वयस्कर लोक करतात. त्यासाठी सैन्य त्यांना जुन्या एम-वन गॅरंड रायफली वापरायला देतं. मुलामा नाही, कोरीवकाम नाही. विधी झाला की रायफली परत कपाटात.

आता एक जड गोष्ट, पण ती टाळून या विषयावर बोलणं मला बरोबर वाटत नाही. 2022 साली अमेरिकेत 6,407 माजी सैनिकांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यातल्या दहापैकी सातांहून जास्त जणांनी बंदूक वापरली. तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं बंदुकीला लावायची कुलपं फुकट वाटतं, ते याचसाठी. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना मी कळकळीनं सांगतो: सासऱ्यांना, शेजाऱ्यांना अशी बंदूक भेट द्यायचं मनात असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. रात्री झोप लागते का, विचारा.

वॉशिंग्टनमध्ये 1982 सालापासून व्हिएतनाम युद्धातल्या मृतांची काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी आहे. तिच्यावर 58 हजारांहून जास्त नावं आहेत. लोक येतात, आपल्या माणसाचं नाव शोधतात, त्यावर कागद धरतात आणि पेन्सिल घासतात. हळूहळू अक्षरं उमटतात. मग तो कागद घडी न घालता, गुंडाळून घरी नेतात.