पेडेस्टलला तेल नको, फडकं हवं

मित्रमैत्रिणींनो, लेन्स पुसा असं कुणाला सांगावं लागत नाही. पण ज्या पेडेस्टलवर, म्हणजे चाकं असलेल्या, वरखाली होणाऱ्या खांबावर, स्टुडिओतला कॅमेरा उभा असतो, त्याच्या चाकांकडे महिनोन्‌महिने कुणी वाकून बघत नाही. म्हणून आज सुरुवात जमिनीपासून करू.

स्टुडिओच्या फरशीवर काय नसतं? गॅफर टेपचे तुकडे, केबल टायची कापलेली टोकं, थर्माकोलचे दाणे, विगचे केस. हे सगळं चाकाच्या आसाभोवती गुंडाळलं जातं, टायरला चिकटतं. मग थेट प्रसारणात कॅमेरा हळूच पुढे नेताना अँकरचा चेहरा किंचित थरथरतो आणि बोल ऑपरेटरच्या हाताला लागतो. अशा वेळी आधी चाकं बघा. प्रत्येक चाक हाताने पूर्ण फिरवा, धागे आणि केस चिमट्याने काढा, टायर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. थिनर किंवा पेट्रोल रबराला लावू नका, त्याने रबर खराब होतं. मग चाकांभोवतीचे केबल गार्ड बघा. ते फार वर राहिले तर केबल चाकाखाली जाते, फार खाली आले तर फरशीला घासतात.

आता तेलाबद्दल, कारण जास्त नुकसान हयगयीने होत नाही, मायेने होतं. काही कुरकुरलं की आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. पेडेस्टलच्या वरखाली होणाऱ्या खांबावर तेल लावलंत की त्यावर धूळ बसते, दोन्ही मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात आणि आतली सील घासली जातात. खांब कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानेच पुसायचा. फ्लुइड हेडच्या, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसून फिरतो त्या भागाच्या, बाबतीत तर अधिकच जपा. पॅन-टिल्टला (कॅमेरा आडवा किंवा वरखाली वळवताना) जो गुळगुळीत विरोध हाताला जाणवतो, तो आत बंद केलेल्या दाट द्रवातून येतो. बाहेरून फवारलेलं पातळ वंगण फटीतून आत शिरलं तर तो विरोधच बिघडू शकतो. हेड उघडणं हे वर्कशॉपचं काम. आपलं काम तपासण्याचं: ड्रॅग, म्हणजे या विरोधाचा आकडा, शून्यावर ठेवून हेड फिरवा, मग एकेक आकडा वाढवत जा. कुठे अडकतं, कुठे ढिलं पडतं, ते रजिस्टरमध्ये लिहा. पॅन बारचे (हेड फिरवायच्या दांड्याचे) आणि कॅमेरा बसतो त्या प्लेटचे स्क्रू पुसता पुसताच आवळून बघा. मला तर फडक्याइतकं चांगलं तपासणीचं साधन दुसरं माहीत नाही.

मुंबईत दूरदर्शनचं केंद्र 1972 पासून आहे, म्हणजे समुद्राकाठी हे काम करणारी आपण काही पहिली पिढी नाही. जुलैत एसी स्टुडिओतला गार ट्रायपॉड बाहेर काढला की त्यावर दव धरतं. तो तसाच केसमध्ये कोंबू नका, वाळू द्या. चौपाटीवरून आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, सांधे उघडे ठेवून वाळवा. हेड मात्र नळाखाली कधीच धरू नका, ओलसर फडक्याने पुसा.

आणि सफाईसाठी कॅमेरा उतरवायचा असेल तर आधी खांब पूर्ण खाली आणून लॉक करा, टिल्टही लॉक करा. खांब आणि हेड दोन्ही कॅमेऱ्याच्या वजनाशी तोललेले असतात. वजन निघालं की खांब उसळतो, आणि तेव्हा तुमची हनुवटी नेमकी त्याच्यावर असते.