ठाण्याआधी शून्य

(नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पंखे फिरतायत तोवर सुरुवात करू. विषय दिलाय 'सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधणं'. सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रामचा मूळ मजकूर, आणि त्यातून मशीनवर चालणारा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बांधणं. आता ठाण्यात बांधकाम म्हटलं की घोडबंदर रोड आठवतो, आणि आमच्या ऑफिसात कुणी 'बांधतो' म्हणतही नाही, 'बिल्ड मारतो' म्हणतात. मीही बिल्डच म्हणेन.

आधी माझी फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालंय. काही वर्षांपूर्वी महापेला एका ऑफिसात डेबियनची, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराची, चार-पाच सर्व्हर मशीन माझ्याकडे होती. एका प्रोग्रामला एचटीटीपी-2, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीची नवी पद्धत, हवं होतं आणि तेव्हाच्या डेबियनच्या लिबकर्लमध्ये ते नव्हतं. लिबकर्ल म्हणजे नेटवरून माल आणून देणारी लायब्ररी. अर्धे प्रोग्राम तिच्यावर जगतात. मी नवं सोर्स उतरवलं, ठरलेले तीन मंत्र म्हटले, कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, आणि पावणेसातची ठाणे गाडी पकडायला कोपरखैरण्याला पळालो. काम झालं होतं. एवढंच की त्या दिवसापासून काही कमांड चालवल्या की 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' अशी एक ओळ यायची. काम अडत नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दीडेक वर्षानं लिबकर्लची सिक्युरिटी अपडेट आली. मी एपीटीनं, म्हणजे डेबियनवर तयार पॅकेजं बसवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या पॅकेज मॅनेजरनं, ती बसवली आणि 'झालं' म्हणून साहेबांना मेलही टाकला. नंतर तपासणीला आलेल्या एका मुलानं एलडीडी ही कमांड चालवली. प्रोग्राम कुठली लायब्ररी उचलतो ते ती दाखवते. सगळे प्रोग्राम यूएसआर-लोकल या फोल्डरमधली, मी दीड वर्षापूर्वी मेक इन्स्टॉलनं टाकलेली, भोकं असलेली लिबकर्ल उचलत होते. डेबियनवर लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून देणारा, आधी यूएसआर-लोकल-लिब बघतो, मग बाकीच्या जागा. अपडेट आली होती, बसलीही होती, पण तिला विचारतंय कोण?

मेक इन्स्टॉल फायली आणून ठेवतो, पण पॅकेज मॅनेजरच्या वहीत त्याची नोंद होत नाही. ही एकच गोष्ट मला आज सांगायची आहे. आमची आई मे महिन्यात तुर्भ्याच्या मार्केटमधून ब्याडगी आणि शंकेश्वरी आणायची, देठं काढून गच्चीवर वाळवायची आणि कांडपावर मसाला करून आणायची. बरणीवर चिठ्ठी चिकटवायची: मिरची किती, धणे किती, तारीख. तो मसाला तिनं घरातल्या प्रत्येक जुन्या डब्यात मूठमूठ ओतून दिला असता तर? मी सर्व्हरवर नेमकं तेच केलं होतं.

मेक ही मूळ कमांड मात्र फार हुशार आहे, तिला दोष नको. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली ती लिहिली. निमित्त काय, तर त्यांच्या एका सहकाऱ्यानं अख्खी सकाळ एक बग शोधण्यात घालवली. बग आधीच दुरुस्त झाला होता, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे मशीनच्या भाषेत आणायची, राहिली होती. मेक दोन तारखा बघतो: सोर्सची आणि तयार मालाची. सोर्स नवं असेल तर तेवढाच भाग पुन्हा करतो. पन्नास वर्षं होत आली, युक्ती तीच. म्हणून मशीनचं घड्याळ चुकलं की मेकही भांबावतो आणि 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' म्हणतो. जुन्या लॅपटॉपची बोर्डवरची बॅटरी मेली की हे होतंच. तेव्हा आधी घड्याळ बघा, सोर्सला शिव्या नंतर द्या.

मग नोंद राहील असं बिल्ड कसं करायचं? पडद्यावर करून दाखवतो. 'हॅलो' नावाचं ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं एक पॅकेज आहे. 'हॅलो, वर्ल्ड!' एवढं छापणं हेच त्याचं मुख्य काम. बाकी सगळा थाट मोठ्या पॅकेजसारखा, म्हणून शिकायला उत्तम. हे मशीन डेबियन 12 आहे, हॅलोची आवृत्ती 2.10-3.

पहिली कमांड एपीटी सोर्स हॅलो. ती चालायला सोर्स-लिस्टमध्ये डेब-एसआरसीची ओळ लागते. नसेल तर इथेच अडतं. दुसरी, एपीटी बिल्ड-डेप हॅलो: बिल्डला जे जे लागतं ते आणून देणारी. ही कमांड माहीत नसते म्हणून लोक 'झेडलिब डॉट एच सापडत नाही' अशा एकेका चुकीमागे दुपार घालवतात. लायब्ररी असते, पण बिल्डला लागणाऱ्या तिच्या फायलींचं वेगळं 'डेव्ह' पॅकेज नसतं.

आता एसआरसी फोल्डरमधली हॅलो डॉट सी उघडतो आणि 'हॅलो, वर्ल्ड!' खोडून 'नमस्कार, ठाणे!' लिहितो. मुद्दाम रोमन अक्षरांत, कारण याच्या चाचण्या साध्या सी लोकेलमध्ये, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या सेटिंगमध्ये, चालतात आणि मला आज आणखी एक घोळ नकोय. मग मुख्य कमांड: डीपीकेजी-बिल्डपॅकेज, पुढे डॅश-बी, म्हणजे फक्त बसवायचं पॅकेज कर, आणि डॅश-यूएस, डॅश-यूसी, म्हणजे सही नको. बघा, ओळी धावतायत. कॉन्फिगर आणि मेक आतून तेच चालले आहेत. डेबियन फोल्डरमधली रूल्स नावाची फाइल हीसुद्धा एक मेकफाइलच, म्हणजे मेकला सूचना देणारी फाइलच, आहे.

आणि थांबलं. एरर. हसू नका, हे मला हवंच होतं. बिल्डनंतर पॅकेज स्वतःच्या चाचण्या चालवतं आणि त्यातली एक चाचणी बघते की छापलेला मजकूर 'हॅलो, वर्ल्ड!' आहे का. आपण जगाला ठाण्यावर आणून ठेवलंय, ते तिला पटलं नाही. इथे बरेच जण 'नोचेक' हा पर्याय देऊन चाचण्याच बंद करतात. घाई असेल तर करा, पण मी चाचणीची फाइल उघडून तिथेही ठाणे लिहितो. बदल केलाय तर चाचणीलाही कळू दे.

पुन्हा चालवू. झालं. पॅकेज कुठे आलं? या फोल्डरमध्ये शोधू नका, सगळे इथेच शोधतात. ते एक पायरी वर, बाहेरच्या फोल्डरमध्ये येतं. का, विचारू नका. उंबऱ्याबाहेर ठेवायची पद्धत आहे. आता एपीटीनं बसवलं की वहीत नोंद: हॅलो, अमुक आवृत्ती, अमुक फायली. काढायचं तर एका ओळीत निघतं.

पुढच्या रांगेतून प्रश्न आलाय: सोर्सपासून केलं म्हणजे खात्रीचंच ना? नाही हो. 29 मार्च 2024 ला एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पातलं मागचं दार, म्हणजे मशीनमध्ये चोरून शिरायची लपवलेली वाट, उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मागे लागला. 5.6.0 आणि 5.6.1 या दोन आवृत्त्या बाधित होत्या. गंमत ऐका: मागचं दार चालू करणारी बिल्डची ओळ गिटमध्ये, म्हणजे सोर्समधल्या प्रत्येक बदलाच्या वहीत, नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या गाठोड्यात, होती. वहीत एक आणि पिशवीत दुसरंच. तो टारबॉल आणून 64-बिट इंटेल-एएमडी लिनक्स मशीनवर घरी डेबियनचं पॅकेज बिल्ड करणाऱ्यालाही ते दार मिळू शकलं असतं.

आता शेवटचा, माझ्या आवडीचा भाग. बिल्ड करण्याआधी एक पायरी मी मुद्दाम गाळली: आवृत्तीचं नाव. आपलं पॅकेज आणि डेबियनचं पॅकेज दोन्ही 2.10-3 राहिली तर उद्या ओळखायचं कसं? त्यासाठी डीसीएच ही कमांड डॅश-डॅश-लोकल म्हणून चालवायची. ती शेवटी आपलं शेपूट जोडते. फजितीनंतर शहाणा झालेला मी, लिबकर्लला झोकात 'प्लस ठाणे' लावलं. आवृत्ती झाली 7.88.1-10+ठाणे1, अर्थात रोमनमध्ये. सहा आठवड्यांनी सिक्युरिटी अपडेट आली, तिचं शेपूट प्लस डेब12यू असं असतं. एपीटी ढिम्म. का? शेपटं अक्षरांनी तोलली जातात. डेबचा डी आधी येतो, ठाण्याचा टी नंतर, म्हणून एपीटीच्या लेखी माझंच पॅकेज नवं! नोंद ठेवूनही मी दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात.

उपाय एका आकड्याचा: प्लस शून्य ठाणे. प्लसनंतर लगेच आकडा आला की अक्षरांचा तुकडा तिथेच संपतो, आणि संपलेला तुकडा अक्षराच्या आधी धरतात. म्हणजे मूळ पॅकेजपेक्षा आपलं वर, सिक्युरिटी अपडेटपेक्षा खाली. विश्वास नसेल तर डीपीकेजीची कंपेअर-व्हर्जन्स कमांड आहे, मी आता प्रत्येक वेळी आधी तिला विचारतो. अपडेट आली की माझा बदल पुसला जातो हे खरं, पुन्हा बिल्ड मारावं लागतं. ते मी मारतो.

मागून कुणीतरी विचारतंय, डोंबिवली लिहिलं तर? डी सारखा, पुढे ओ विरुद्ध ई, ओ नंतरचा. म्हणजे डोंबिवलीही अडकली. कळवा अडकलं, वाशी अडकली. ऐरोली आणि बेलापूर सुटतात, ए आणि बी आहेत ना. अंबरनाथहून कुणी आलंय का? तुम्हाला शून्याची गरज नाही.